वाचक विचारतात : महायुद्ध नेमकं फिरलं कुठे?

मागच्या अंकात या सदरात दुसऱ्या महायुद्धावर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग आला. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय, उरलेल्यांत माझ्या चुका काढल्यात. आज दोन्हींना उत्तरं देतो. नवीन वाचकांना एवढंच सांगतो, की मी इतिहासकार नाही. सैन्याच्या पुरवठा आणि वाहतूक विभागात २९ वर्षं काढली. पेट्रोलची पिंपं, शिधा, टायर, पाण्याचे टँकर यांचा हिशेब ठेवणं हीच माझी नोकरी. त्यामुळे लढाईचा नकाशा समोर आला, की बाणाच्या टोकाआधी माझी नजर बाणाच्या शेपटाकडे जाते. ते शेपूट कुठल्या डेपोतून निघालंय आणि तिथून रोज किती टन माल हलतोय, हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही.

प्रश्न : आमच्या पुस्तकात स्टॅलिनग्राड आहे, शिकवणीतले सर नॉर्मंडी म्हणतात आणि बाबा पर्ल हार्बरवर अडून बसलेत. महायुद्धाला कलाटणी देणारी एकच घटना लिहायची तर कोणती? (अकरावीतला विद्यार्थी)

उत्तर : परीक्षेत पुस्तकातलं लिही बाबा, गुण तिथेच आहेत. परीक्षेबाहेर विचारत असशील, तर माझी कसोटी कारकुनी आहे. लढाईत जे गेलं ते हरणाऱ्याला पुन्हा उभं करता आलं का, एवढंच मी बघतो. १९४० साली फ्रान्सच्या किनाऱ्यावर डंकर्कला ब्रिटिशांनी तोफा, ट्रक, दारूगोळा सगळं किनाऱ्यावर टाकलं, पण फ्रेंच धरून सुमारे ३ लाख ३८ हजार माणसं समुद्रापार काढली. तोफा पुन्हा ओतता येतात, तयार सैनिक ओतता येत नाहीत. म्हणून डंकर्क मी पराभवाच्या रकान्यात टाकतो, कलाटणीच्या नाही.

नॉर्मंडीबाबत तुझ्या सरांशी माझं जमणार नाही. ६ जून १९४४ ला दोस्तांचं सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलं, तेव्हा जर्मनांना व्होल्गाकाठच्या स्टॅलिनग्राडकडून मागे सरकायला लागून दीड वर्ष होत आलं होतं. तो हल्ला फसला असता तर युद्ध लांबलं असतं, रशियन सैन्य कदाचित आणखी पश्चिमेला पोहोचलं असतं. जर्मनी जिंकली असती असं मात्र मला वाटत नाही.

माझं बोट डिसेंबर १९४१ मधल्या एका आठवड्यावर पडतं. ५ तारखेला मॉस्कोसमोर सोव्हिएत प्रतिहल्ला सुरू झाला, ७ ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि ११ ला हिटलरने आपण होऊन अमेरिकेशी युद्ध पुकारलं. सात दिवसांत जर्मनीने झटपट विजयाची आशा गमावली आणि जगातला सगळ्यात मोठा कारखानदार अंगावर ओढवून घेतला.

मॉस्कोसमोर जर्मन थंडीने हरले असं सर्रास लिहिलं जातं. थंडी होतीच. पण जर्मन सैन्याचा क्वार्टरमास्टर जनरल एडुआर्ड वाग्नर, म्हणजे माझ्याच धंद्यातला माणूस, याने स्वारीआधीच हिशेब मांडला होता, की साधारण ५०० किलोमीटरपर्यंत आपण सैन्याला पोसू, पुढे थांबून दम घ्यावा लागेल. मॉस्को त्याच्या दुप्पट लांब. रशियन रूळ जर्मन रुळांपेक्षा ८९ मिलिमीटर रुंद, म्हणजे प्रत्येक मार्ग उखडून पुन्हा ठोकायचा. जर्मन इंजिनांच्या पाण्याच्या नळ्या बाहेरच्या बाजूला, त्या गारठ्यात फुटायच्या. उरलेली भिस्त सहा लाखांवर घोड्यांवर. गरम कपडे नव्हते असं नाही, ते मागे गोदामांत पडून होते. पुढे जाणाऱ्या मोजक्या गाड्यांत एक तर तोफगोळे आणि पेट्रोल चढवा, नाही तर कोट चढवा, असा प्रश्न होता. नोव्हेंबर संपता संपता वाग्नरने वर कळवलं, की माणसं आणि सामान दोन्ही संपत आलंय. रशियन प्रतिहल्ला त्यानंतर आठवड्याभराने आला.

बाबांना सांग, पर्ल हार्बर त्या आठवड्यात बसतं, म्हणून अर्धे गुण त्यांना. पण हेही सांग, की जपानी वैमानिकांनी युद्धनौका बुडवल्या आणि तिथल्या टाक्यांमधलं सुमारे ४५ लाख बॅरल तेल जसंच्या तसं सोडून गेले. दुरुस्तीच्या गोद्याही धड राहिल्या. याचं पुढे काय झालं ते खाली मिडवेच्या उत्तरात येतंय.

प्रश्न : स्टॅलिनग्राडला अडकलेल्या जर्मन सैन्याला विमानांनी रसद पोचवू, असं जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याने कबूल केलं होतं. ते जमणार नाही हे कुणालाच कसं कळलं नाही? (निवृत्त गणित शिक्षिका)

उत्तर : बाई, तुम्ही गणिताच्या, तेव्हा आपण गणितच मांडू. १९ आणि २० नोव्हेंबर १९४२ ला सोव्हिएत सैन्याने स्टॅलिनग्राडच्या दोन्ही बगलांवर, जिथे रुमानियन तुकड्या होत्या तिथे, हल्ला चढवला आणि २३ तारखेला कलाच इथे वेढ्याची दोन्ही टोकं जुळली. आत अडीच लाखांच्या आसपास माणसं. माणशी दिवसाला एक किलो शिधा धरा. नुसतं पोटाचंच अडीचशे टन झालं. वर गोळे, पेट्रोल, औषधं. वेढ्यात अडकलेल्या जर्मनांच्या सहाव्या सैन्याने आधी ७५० टन मागितले, मग ५०० वर आलं, आणि अगदी जीव तगवायचा तर रोज ३०० टन लागतील असं ठरलं.

आता युंकर्स-५२ हे मालवाहू विमान. फेरीला साधारण दोन टन. तीनशे टनांना दीडशे फेऱ्या. डिसेंबरात तिथे उजेड आठ तासांचा धरला, तरी दर सव्वातीन मिनिटांना एक विमान उतरलं पाहिजे, रिकामं झालं पाहिजे, जखमी घेऊन उडालं पाहिजे. तेही धुकं नाही, बर्फ नाही, रशियन लढाऊ विमानं नाहीत आणि वेढ्यातल्या पिटोमनिकच्या धावपट्टीवर तोफगोळा पडत नाही असं गृहीत धरून. कडाक्याच्या थंडीत तीन विमानांतलं एक उडण्याजोगं असलं तरी नशीब म्हणायचं, म्हणजे दीडशेसाठी साडेचारशे विमानं हाताशी हवीत. पाटी-पेन्सिल घेऊन बसलं तर दहा मिनिटांचं काम.

आणि ते केलेलं होतं. त्या भागातल्या हवाई दलाचा प्रमुख रिश्टहोफेन पहिल्या दिवसापासून ओरडत होता, की हे होणार नाही. प्रश्न कळण्याचा नव्हताच. वरच्या माणसाला, म्हणजे हिटलरला, जे ऐकायचं होतं ते गोअरिंग बोलला, इतकंच.

त्यात एक जुनं यश आड आलं. त्याच वर्षी देम्यान्स्कच्या वेढ्यात लाखभर जर्मनांना कित्येक आठवडे विमानांनी पोसलं होतं. तिथे जमलं, मग इथेही जमेल! तिथे माणसं निम्म्याहून कमी आणि समोर रशियन हवाई दल कमजोर होतं, हे फायलीत मागच्या पानावर राहिलं. नोकरीत मला अपयशाच्या अहवालांपेक्षा यशाच्या अहवालांची भीती जास्त वाटायची, ती अशाच कारणाने.

प्रत्यक्षात सरासरी रोज शंभरएक टन पोचले. १९ डिसेंबर हा सगळ्यात चांगला दिवस, त्या दिवशी सुमारे २९० टन. म्हणजे जीव तगवण्याचा आकडा सगळ्यात चांगल्या दिवशीही गाठला नाही. २४ डिसेंबरला तर रशियन रणगाडे थेट तात्सिन्स्कायाच्या विमानतळावर घुसले, जिथून ही रसद निघायची. उभ्या विमानांवरून त्यांनी रणगाडे घातले.

वेढा फोडून बाहेर पडणं? जर्मन सेनापती मान्स्टाइनची कुमक १२ डिसेंबरला निघाली आणि वेढ्यापासून सुमारे ४८ किलोमीटरवर अडली. आतल्या रणगाड्यांत पेट्रोल होतं साधारण ३० किलोमीटरचं. तोफा ओढायला घोडे म्हणाल, तर चारा वाचवायला बहुतेक घोडे वेढा पडण्याआधीच पश्चिमेला पाठवून दिले होते. जे उरले ते पुढे कापून खाल्ले.

एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. रुमानियन फळीच्या मागे आधाराला जर्मनांची २२ वी रणगाडा डिव्हिजन होती. पेट्रोलच्या टंचाईमुळे इंजिनं चालू ठेवता येत नव्हती, म्हणून रणगाडे खड्ड्यांत उतरवून थंडीपासून वाचवायला पेंढ्यात झाकले होते. पेंढ्यात उंदीर शिरले आणि विजेच्या तारांवरचं आवरण कुरतडून बसले. नोव्हेंबरात निघायचा हुकूम आला तेव्हा शंभरएक रणगाड्यांपैकी निम्मेसुद्धा कामाचे नव्हते. हा किस्सा ऐकून लोक उंदरांना हसतात. मी पेट्रोलच्या टंचाईवर बोट ठेवतो.

माझंही सांगतो, नाही तर शहाणपणा शिकवतोय असं वाटायचं. लेफ्टनंट असताना कागदावरच्या एका सरावात, तुटलेल्या बटालियनला आठ दिवस विमानाने पोसण्याचा आराखडा मी केला. शिधा, गोळ्या, पट्ट्या, बॅटऱ्या, सगळं किलोवर बसवलं. साहेबांनी तांबड्या शाईत एकच ओळ लिहून कागद परत केला : ‘कच्चा शिधा पाठवलात, रॉकेल कुठे आहे?’ माझी बटालियन आठ दिवस पोती उशाला घेऊन उपाशी झोपली होती.

३१ जानेवारी १९४३ ला सहाव्या सैन्याचा सेनापती पॉलस शरण आला, २ फेब्रुवारीला उरलेले. सुमारे ९१ हजार कैदी झाले, त्यांतले पाच-सहा हजार घरी परतले. आपल्याकडे पानिपताचं नाव काढलं, की भाऊसाहेब आणि विश्वासराव आठवतात. त्याआधीचे रसद तोडलेले महिने कुणी आठवत नाही. तसंच हे.

प्रश्न : ‘मिडवेला पाच मिनिटांत महायुद्ध फिरलं’ असं आपण मागच्या अंकात लिहिलंत. जहाजाच्या इंजिनरूममध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला हे पटत नाही. पाच मिनिटांत फक्त गोष्टी बिघडतात. मग ते नशीब होतं का? (मर्चंट नेव्हीतले निवृत्त अभियंता)

उत्तर : चूक कबूल, साहेब. वाक्य चटपटीत होतं म्हणून लिहून गेलो.

४ जून १९४२ ला सकाळी साडेदहाच्या सुमाराला, प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटाजवळ, अमेरिकन विमानांनी अकागी, कागा आणि सोर्यू या तीन जपानी विमानवाहू नौका काही मिनिटांत पेटवल्या, चौथी हिर्यू संध्याकाळी गेली. पाच मिनिटं म्हणतात ती ही. पण त्या मिनिटांआधीचे तीन दिवस तुमच्या आवडीचे आहेत. ‘यॉर्कटाउन’ ही विमानवाहू नौका मे महिन्यात कोरल समुद्राच्या लढाईत बॉम्ब खाऊन, मागे तेलाचा पट्टा सोडत, २७ मे ला पर्ल हार्बरला पोहोचली. नीट दुरुस्तीला तीन महिने लागतील असा अंदाज होता. अमेरिकन पॅसिफिक ताफ्याचा प्रमुख निमिट्झ याने तीन दिवस दिले. कोरड्या गोदीत पुरतं पाणी उतरायच्या आत माणसं कामाला लागली. शेकडो कामगार दिवस-रात्र वेल्डिंग करत होते. नक्षीकाम कुणी केलं नाही. फुटलेल्या तुळयांना टेकू आणि भोकांवर पत्रे, इतकंच. ३० मे ला ती बाहेर पडली. तिच्यावरची विमानं कमी पडली, तर ‘साराटोगा’ या दुसऱ्या नौकेच्या तुकड्या तिच्यावर चढवल्या. सोर्यूला संपवलं ते यॉर्कटाउनच्या विमानांनी. ही गोदी म्हणजे जपान्यांनी डिसेंबरात न फोडलेली तीच गोदी.

आता पलीकडे बघा. कोरल समुद्रात जपानची ‘झुइकाकू’ एकही बॉम्ब न खाता परतली होती, फक्त तिची विमानं आणि वैमानिक बरेच कमी झाले होते. दुसरीकडून वैमानिक आणून बसवायची रीत त्यांच्यात नव्हती, नौका आणि तिचं विमानदल एकत्रच मोजायचे. धडधाकट जहाज घरी राहिलं. फुटकं जहाज ठिगळं लावून लढाईत गेलं.

नशिबाचा भाग नव्हता असं म्हणणार नाही. अमेरिकन बॉम्बफेकी विमानांचा पुढारी मॅक्लस्की ठरलेल्या जागी पोहोचला, तर खाली रिकामा समुद्र. पेट्रोल परतीच्या हिशेबापलीकडे गेलेलं. तरी त्याने शोध सोडला नाही आणि त्याला एकटीच, भरधाव जाणारी ‘अराशी’ ही जपानी विनाशिका दिसली. एका अमेरिकन पाणबुडीला दाबून ठेवायला ती मागे थांबली होती आणि आता ताफा गाठायला निघाली होती. ती ज्या दिशेला चाललीय तिकडेच ताफा असणार, एवढं ताडून तो मागे लागला. त्याच्या तुकडीतली काही विमानं परतताना पेट्रोल संपून समुद्रात उतरली.

पण तो त्या भागात होता याला कारण अमेरिकन नौदलातला रोशफोर्ट आणि त्याचे तळघरात बसणारे सांकेतिक लिपीवाले. जपानी संदेशांत ‘एएफ’ या ठिकाणावर हल्ल्याची तयारी दिसत होती. ‘एएफ’ म्हणजे मिडवे हे पक्कं करायला त्यांनी मिडवेला समुद्राखालच्या तारेवरून कळवलं, की आमचं पाणी गोडं करायचं यंत्र बिघडलंय असा साधा, उघडा बिनतारी संदेश सोडा. दोन दिवसांत जपानी संदेश पकडला : ‘एएफ’ला गोड्या पाण्याची चणचण आहे. मला हा भाग भारी आवडतो. गळाला त्यांनी पाण्याची टंचाई लावली, आणि शत्रूनेही ती तत्परतेने आपल्या वहीत नोंदवली.

प्रश्न : एल अलामीन आणि हिरोशिमा यांना तुमच्या यादीत जागा का नाही? (दोन वाचकांचे प्रश्न एकत्र)

उत्तर : अलामीनला आहे, पण लहान. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९४२ मध्ये इजिप्तच्या वाळवंटात ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीने जर्मन सेनापती रोमेलला मागे रेटलं, तेव्हा रोमेल त्रिपोली बंदरापासून दोन हजार किलोमीटरच्या आसपास पुढे आला होता. इतक्या लांब पेट्रोल पोचवताना त्यातलं बरंचसं ते वाहणारे ट्रकच पितात. माझ्या मते तिथली खरी लढाई ऑगस्टमध्ये माल्टा या भूमध्य समुद्रातल्या ब्रिटिश बेटाभोवती झाली. ‘ओहायो’ हा तेलवाहू टँकर पाठीचा कणा मोडलेल्या अवस्थेत, दोन्ही बाजूंनी दोन विनाशिकांनी बखोट धरून बंदरात आणला, म्हणून माल्टा टिकलं आणि तिथून रोमेलची जहाजं बुडत राहिली.

हिरोशिमा हा शेवट आहे. ऑगस्ट १९४५ पर्यंत जपानकडे जहाजं उरली नव्हती आणि जहाजं असती तर तेल नव्हतं.

प्रश्न : युद्ध फिरलंय हे लढणाऱ्यांना त्याच वेळी कळतं, की पुस्तकं लिहिणाऱ्यांनाच पुढे कळतं? (एक परिचारिका)

उत्तर : फार चांगला प्रश्न. बहुतेकांना कळत नाही आणि ज्यांना कळतं ते सांगत नाहीत. मिडवेचं घ्या. जपानी नौदलाने ही हार आपल्याच भूदलापासून दडवली. परत आलेल्या जखमींना इस्पितळात बाकीच्यांपासून वेगळं कोंडून ठेवलं, बाहेरच्यांशी बोलणं बंद. तुम्ही रुग्णांमध्ये वावरता, तेव्हा त्या वॉर्डाची कल्पना तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली येईल.

ज्याला तत्क्षणी कळलं असा माणूस म्हणजे जर्मन पाणबुड्यांचा प्रमुख डोनिट्झ. अटलांटिक समुद्रातून ब्रिटनला जाणारं धान्य, तेल, रणगाडे बुडवणं हे त्याचं काम. मार्च १९४३ मध्ये त्याच्या पाणबुड्यांनी काफिल्यांची अशी दाणादाण उडवली, की काफिले काढण्याची पद्धतच बंद करावी की काय, असं लंडनमध्ये बोललं जाऊ लागलं. आणि मे महिन्यात, एकाच महिन्यात, त्याच्या ४१ पाणबुड्या गेल्या. त्यातल्या एकीवर त्याचा धाकटा मुलगा पेटर होता. २४ मे ला त्याने पाणबुड्या उत्तर अटलांटिकमधून मागे बोलावल्या. लढाई हरलो हे त्याने पुढे स्वतःच मान्य केलं.

दोन महिन्यांत असं काय बदललं? एक गोष्ट नाही, चार-पाच एकदम जुळून आल्या. समुद्राच्या मध्यावर जिथे किनाऱ्यावरची विमानं पोहोचत नव्हती, तिथवर जाणारी लांब पल्ल्याची लिबरेटर विमानं मिळाली. काफिल्याबरोबर छोट्या विमानवाहू नौका आल्या. रात्रीच्या अंधारात पाणबुडीचा मनोरा टिपणारं रडार आलं. आणि लिव्हरपूलमध्ये एका खोलीत, जमिनीवर खडूने समुद्र आखून, नौदलातल्या विशीच्या आसपासच्या मुली आणि गिल्बर्ट रॉबर्ट्स नावाचा आजारपणामुळे नौदलातून निवृत्त झालेला अधिकारी हे पाणबुड्यांचे डाव खेळून बघत होते. समुद्रावरचे कप्तान तिथे यायचे, पडद्याच्या फटीतून तेवढाच समुद्र बघायचे जेवढा खरोखर जहाजावरून दिसतो, आणि त्या पोरींकडून सपाटून हरायचे. मग शिकायचे.

शिवाय अमेरिका जहाजं कारखान्यातल्या मोटारींसारखी काढत होती. लिबर्टी जातीची २७१० जहाजं त्यांनी बांधली, एक तर जाहिरातीखातर पाच दिवसांच्या आत. डोनिट्झचा सगळा हिशेब एकाच अटीवर उभा होता, की बांधली जातात त्यापेक्षा जास्त बुडवायची. ती अट १९४३ च्या उन्हाळ्यात कायमची गेली. याच्यावर सिनेमे कमी निघतात, कारण दाखवायला काय, तर धान्याने भरलेलं जहाज सुखरूप बंदराला लागलं.

प्रश्न : माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या बटालियनमध्ये होते. सांगशाकचं नाव ते वारंवार काढायचे. ‘वरून पॅराशूटं पडायची, पण पलीकडे,’ असं म्हणायचे आणि गप्प व्हायचे. पुस्तकांत कोहिमा सापडतं, सांगशाक क्वचित. त्याचं महत्त्व खरंच होतं, की तो घरचा अभिमान? (एक वाचक)

उत्तर : होतं, आणि आजोबांचं वाक्य शब्दशः खरं आहे.

मार्च १९४४ मध्ये जपानी सेनापती मुतागुचीने सुमारे ८५ हजार सैन्य चिंदविन नदी ओलांडून इम्फाळ आणि कोहिमावर सोडलं. सैनिकांच्या पाठीवर तीन आठवड्यांचा शिधा, बरोबर चालतं-बोलतं अन्न म्हणून गुरांचे कळप. तीन आठवड्यांत इम्फाळची कोठारं हाती लागतील आणि पुढचं शत्रूच्याच शिध्यावर भागेल, असा बेत. गुरं नदीत वाहून गेली, डोंगरात कोसळली. पुरवठ्याच्या माणसाने असा बेत मांडला असता, तर त्याला कोर्टमार्शल केलं असतं.

अशा बेतात दर दिवस सोन्याचा. २२ ते २६ मार्च या दिवसांत मणिपुरात उखरूलजवळच्या सांगशाकच्या टेकडीवर ५० वी पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्या जोडीला ४/५ मराठा, म्हणजे आजोबांची बटालियन, यांनी कोहिमाकडे निघालेल्या जपानी फौजेचा रस्ता धरला. जमीन कातळाची, खंदक खणला तर तीन फुटांवर फावडं अडायचं. काटेरी तार नव्हती. पाणी जवळजवळ नव्हतंच. विमानं रसद टाकायची, पण जागा इतकी चिंचोळी, की बरीचशी पॅराशूटं वाऱ्याने जपान्यांच्या बाजूला उतरायची. तहानेने घसा कोरडा पडलेल्या माणसाने आपल्याच पाण्याचे डबे समोरच्या उतारावर पडताना बघायचे, हे आजोबांनी पाहिलंय. २६ च्या रात्री ब्रिगेडला टेकडी सोडावी लागली, मोठी हानी झाली. त्या काळात सांगशाक अपयश म्हणूनच नोंदलं गेलं.

पण जपान्यांचे ते दिवस परत आले नाहीत. त्यांची डिव्हिजन ४ एप्रिलच्या सुमाराला कोहिमाला भिडली, तेव्हा तिथे जेमतेम दीड हजार बंदूकधारी होते. तेवढ्यांना तरी गोळा व्हायला आणि मागून कुमक यायला सांगशाकने वेळ दिला. ती डिव्हिजन जर मार्च संपायच्या आत पोहोचली असती, तर काय झालं असतं याचा विचार मी रात्री करत नाही.

आता बाईंच्या स्टॅलिनग्राडच्या गणिताशी हे ताडून बघा. इम्फाळलाही वेढा होता, दीड लाखाच्या आसपास माणसं आत होती, रस्ता तुटला होता आणि रसद विमानांनीच होती. आधीचं यशही होतं. फेब्रुवारीत आराकानमध्ये वेढलेल्या ७ व्या भारतीय डिव्हिजनला विमानांनी टिकवलं होतं. मग इथे का जमलं? आकाश दोस्तांच्या ताब्यात होतं. बारमाही धावपट्ट्या होत्या. माउंटबॅटनने चीनला माल नेणारी अमेरिकन विमानं आपल्या जबाबदारीवर वळवून घेतली. आणि आधी खाणारी तोंडं कमी केली : लढाईत न लागणारी ४३ हजार माणसं विमानांनी बाहेर काढली. आत नेलं सुमारे १९ हजार टन सामान आणि १२ हजारांची कुमक. रेशमी पॅराशूटं पुरत नव्हती, तर इथला ब्रिटिश सेनापती स्लिम याचा पुरवठा अधिकारी स्नेलिंग याने कलकत्त्याच्या गिरण्यांकडून तागाची करून घेतली. बिघडली तर बिघडली, शिध्याची पोती आणि डबे खाली जायला तेवढी पुरतात.

यादीत आणखी दोन नोंदी आहेत, त्या वाचल्या की मला कळतं हे काम ज्याने केलं तो पक्का होता : टपालाच्या हजारावर थैल्या आणि ४ कोटी सिगारेटी. स्टॅलिनग्राडला रोजचा जेमतेम घास पोचत नव्हता. इथे वेढ्यात बसलेल्याला घरचं पत्र येत होतं.

मे महिन्याच्या शेवटी कोहिमासमोरचा जपानी सेनापती सातो याने वरिष्ठांचा हुकूम मोडून माघार घेतली. रसद येत नाही, माणसं उपाशी मरतायत, एवढंच त्याचं म्हणणं. त्याला पदावरून काढलं. २२ जूनला कोहिमा-इम्फाळ रस्त्यावर १०९ व्या मैलाच्या दगडापाशी दोन्हीकडचं सैन्य भेटलं आणि ट्रक सुरू झाले. जपानचे सुमारे ३० हजार मेले, त्यांतले बरेच भुकेने आणि रोगाने.

तुमच्या पत्रात ओझरतं आलंय, की आजोबांची एक छोटी वही घरी आहे आणि तिच्यात तारखांपुढे नुसते आकडे आहेत, अर्थ लागत नाही. २३, २४, २५ मार्चपुढे काय लिहिलंय ते कळवा. माझा अंदाज आहे, की ते पाण्याच्या बाटल्यांचं वाटप असावं. जमल्यास त्या पानाची झेरॉक्स पाठवा, आकडे मी लावून बघतो.